काठावरची हाक

१

हाक मारायची आणि अडतीस मिनिटं थांबायचं, एवढाच केवळराम दिघोरेचा धंदा होता. पगार सरकार देत होतं, आणि त्याची हाक ऐकणारा मंगळाभोवती फिरत होता.

आंबागडच्या किल्ल्याच्या पुढ्यात एक बुटकी टेकडी आहे. तिच्यावर सरकारने भली मोठी तबकडी उभी केली होती. गावातले लोक तिला परात म्हणायचे. परातीच्या पायाशी दोन खोल्या: एकीत यंत्रं, दुसरीत केंद्रप्रमुख मारोतरावांचं टेबल. यान परदेशी होतं. पण पृथ्वी फिरत राहते, आणि रोज काही तास मंगळ त्या लोकांच्या आकाशातून मावळून आपल्या आकाशात येतो. तेवढे तास यान सांभाळायचं काम आंबागडच्या वाट्याला आलं होतं.

त्या हिवाळ्यात मंगळ सूर्याच्या मागोमाग उगवत होता, त्यामुळे सगळं काम दिवसाढवळ्या चालायचं. केवळराम सकाळी बटण दाबायचा. आज्ञा निघायची, चौतीस कोटी किलोमीटर जायची, यान ती ऐकायचं आणि उत्तर द्यायचं. जायला एकोणीस मिनिटं, यायला एकोणीस. मग कागदाच्या पट्टीवरची सुई दोनदा उडायची, टक टक, आणि शेजारचा टेलिप्रिंटर यानाचा क्रमांक छापायचा. म्हणजे ऐकलं.

मधल्या वेळात केवळराम शेगडीवर चहा ठेवायचा, तुमसरहून आलेला कालचा पेपर वाचायचा, जर्मनच्या डब्यातले मुरमुरे खायचा. सदतिसाव्या मिनिटाला घड्याळाकडे न बघता उठून सुईसमोर उभा राहायचा. चार वर्षांत सुई एकदाही चुकली नव्हती. खात्यातली माणसं मात्र रोज चुकत होती, आणि त्यांना बढत्या मिळत होत्या.

२

१९८१ च्या जानेवारीत, आठ तारखेला, पत्र आलं. यानाच्या टाक्यांतला वायू संपत आला आहे, ते आता पृथ्वीकडे तोंड धरून फार दिवस राहू शकणार नाही. यापुढे आज्ञा पाठवू नयेत. महिनाअखेर केंद्र बंद.

मारोतरावांनी पत्र दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तर खुशीतच वाचलं. त्यांची नागपूरला बदली ठरली होती.

"म्हणजे तो अजून बोलून राहिला, अन् आपण त्याले सोडून द्यायचं?" केवळराम म्हणाला.

"तो?" मारोतराव हसले. "दिघोरे, यंत्र आहे ते. तो कोण?"

"जवाब देते ना जी?"

"देऊ द्या. देऊन देऊन थकेल. आपल्याला ऑर्डर आहे, ऐकायचं, बोलायचं नाही. तुमच्या बापाचं काय जाऊन राहिलं?"

केवळरामच्या कानशिलांत रक्त चढलं. त्याच्या बापाचं काय गेलं होतं, हे या माणसाला कुठून माहीत असणार?

टेकडीखाली तलाव होता, आणि तलावाच्या पाळीला लागून ढिवरांची वस्ती. केवळराम तिथलाच. हिवाळ्यात तलावावर असं धुकं पडतं, की डोंग्यात बसलेल्याला स्वतःचं वल्हं दिसत नाही. म्हणून ढिवरांचा एक रिवाज आहे. घरातला माणूस धुक्यात जाळं काढायला गेला, की दुसऱ्याने काठावर उभं राहून हाक देत राहायचं. पाण्यावरचा वल्ह्याने डोंग्यावर दोन ठोके देतो. हाक, ठोके, हाक, ठोके. असं करत डोंगा काठाला लागतो. तोवर हाक सोडायची नाही. एक थकला तर दुसऱ्याने उचलायची, पण सोडायची नाही.

पंधरा वर्षांमागे केवळराम एकोणीस वर्षांचा होता, नागपूरला डिप्लोमा करत होता, सुटीत घरी आला होता. मोठा भाऊ डोमा पाण्यावर होता आणि केवळराम पाळीवरून हाक देत होता. त्या वर्षी तलाव बाहेरच्या ठेकेदाराकडे गेलेला. त्याचा मुनीम सायकलवरून आला आणि खेकसला, "चूप बस बे! मासोळी पळते तुह्या ओरडण्यानं." केवळराम शिकलेला होता. शिकलेली माणसं लवकर ऐकतात. तो गप्प बसला. मुनीम जाईपर्यंत, फार तर दहा मिनिटं. मग त्याने पुन्हा हाक दिली, तेव्हा ठोके आले नाहीत. डोमा तिसऱ्या दिवशी सापडला, आणि बाप पुढच्याच पावसाळ्यात गेला.

मुनिमाला तर तो कधी माफ करणार नव्हताच. स्वतःलाही नाही.

"बरं साहेब," तो मारोतरावांना म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी त्यांची जीप भंडाऱ्याच्या रस्त्याला लागली, तसं त्याने बटण दाबलं.

३

आज्ञांच्या यादीत सातव्या नंबरची आज्ञा सगळ्यांत साधी होती. तिचा अर्थ एवढाच, की आहेस का? केवळराम रोज दोनदा तीच पाठवू लागला. अडतीस मिनिटांनी दोन ठोके यायचे, थोडे क्षीण, पण यायचे. मारोतरावांना भंडाऱ्याच्या घरचं सामान बांधायचं होतं, पाहुणचार झोडायचे होते. विचारणारं कोणी नव्हतं.

सोमवारी, बारा तारखेला, त्याने सकाळी हाक दिली आणि चहा गाळायला घेतला. गाळणीत पत्ती तशीच असताना मागे सुई वाजली.

टक टक.

घड्याळात एकतीस मिनिटं झाली होती.

बटण दाबल्याची वेळ आपण चुकीची लिहिली असणार, असं तो स्वतःशी म्हणाला आणि त्याला स्वतःचाच राग आला. चार वर्षं एक काम केलं, तेही धड होत नाही! त्याने चहा प्यायला, कप विसळला. आणि बरोबर अडतिसाव्या मिनिटाला सुई पुन्हा उडाली. टक टक. टेलिप्रिंटरने यानाचा क्रमांक छापला.

केवळरामने पट्टी फाडून टेबलावर पसरली. दुसऱ्या ठोक्यांच्या रेघा नेहमीच्या होत्या. पहिल्यांच्या जास्त उंच होत्या, आणि शाई जास्त गडद.

दुपारी त्याने पुन्हा हाक दिली. या वेळी खुर्चीतून उठला नाही. पहिलं उत्तर तीस मिनिटांच्या आत आलं.

४

केवळराम भोळा नव्हता. त्याने केबल बदलली. किल्ल्याच्या डोंगरावरून प्रतिध्वनी येतो का, याचा हिशेब मांडला. आला असता तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आला असता, अर्ध्या तासाने नव्हे. घड्याळ आकाशवाणीच्या टोल्यांशी लावून पाहिलं. ते बरोबर होतं. यानाचं उत्तरही रोज आपल्या जागी, अडतिसाव्या मिनिटाला, यायचं. पण त्याच्या आधी ते दुसरं यायचं. सव्वीस मिनिटांवर. बाविसावर. सतरावर. ठोके तेच, दोन. फक्त त्यांच्यानंतर टेलिप्रिंटर जागचा हलायचा आणि क्रमांकाच्या जागी कोरा कागद सरकवायचा.

उत्तर लवकर येतं याचा अर्थ त्याच्या धंद्यात एकच होता. उत्तर देणारा जवळ आहे.

बायको बाळंतपणाला लाखनीला माहेरी गेली होती. घरी तो आणि त्याची माय शकुनबाई, दोघंच. संध्याकाळी ती भाताचं ताट पुढे सरकवून विचारायची, "लागला का रे तो काठाले?" यान म्हणजे काय हे तिला कधी नीट कळलं नव्हतं. कोणीतरी लांब पाण्यावर आहे आणि आपला पोरगा त्याला हाक देतो, एवढं तिने धरून ठेवलं होतं. तेवढं तिला पुरत होतं.

"येऊन राहिला, माय," तो म्हणायचा. आणि ताट अर्धंच ठेवून उठायचा.

चोवीस तारखेला, शनिवारी, पहिलं उत्तर चार मिनिटांत आलं. सुईने कागदावर खळी पाडली. मग रविवार आला, आणि सोमवारी सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन. मारोतराव दोन्ही दिवस केंद्रावरच होते, टोपी घालून, पाहुण्यांना परात दाखवत. केवळरामला बटणाजवळ जाता आलं नाही. दोन दिवस तो मनाशी म्हणत राहिला, मंगळवारी हाक देईन तेव्हा ते पार इथं पोचलेलं असेल.

मंगळवारी सकाळी त्याने बटण दाबलं. उत्तर चार मिनिटांत आलं. शनिवारच्या पुढे फक्त एका हाकेएवढं.

त्याने पुन्हा दाबलं. सव्वा मिनिट.

केवळरामने बटणावरचा हात मागे घेतला आणि काखेत दाबून धरला. ते आपणहून येत नव्हतं. दोन दिवस ते आहे तिथंच थांबून राहिलं होतं. ते हाकेने येत होतं. एकेक हाक देऊन त्याला इथवर केवळरामनेच आणलं होतं.

५

"हे काय आहे दिघोरे?"

दिवस मावळत आला होता, आणि मारोतराव दारात उभे होते. जीप नादुरुस्त झाली म्हणून त्यांनी ती अर्ध्या वाटेवरून ढकलत परत आणवली होती. टेबलावर दोन आठवड्यांच्या पट्ट्या पडल्या होत्या.

मग काय विचारता! ऑर्डर, शिस्त, सरकारची वीज, तुमची जात कधी सुधारायची नाही, सगळं झालं. केवळरामने मुठी आवळून ऐकून घेतलं. एरवी त्याने त्या जातीच्या शब्दावर टेबल उलटवलं असतं. पण आज त्याला फक्त एवढंच हवं होतं, की या माणसाने ओरडून ओरडून ट्रान्समीटरला कुलूप लावावं आणि चावी खिशात घालून निघून जावं.

तेवढंही त्या माणसाकडून झालं नाही. बोलता बोलता मारोतरावांची नजर पट्टीवर गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एक पट्टी उचलली, मग दुसरी. त्यांचा आवाज मऊ झाला.

"कोणाला सांगितलं तुम्ही हे?"

"कोणालेच नाही."

"दिघोरे, अहो, हे साधं नाही. आता केंद्र बंद होते कसं ते बघतोच मी. दिल्लीला कळवण्याआधी स्वतः पाहतो. उद्या सकाळी मंगळ उगवला, की माझ्यासमोर हाक द्यायची."

"नाही देत, साहेब."

"काय?"

"तुमीच म्हटलं होतं ना, बोलायचं नाही? तेच करा. हात जोडतो तुमाले. ते काय हाये मले मालूम नाही. पण ते आपल्या हाकेनं येऊन राहिलं."

"आणि तुमचं ते यान? त्याला सोडवत नव्हतं ना तुम्हाला?" मारोतराव गोड हसले. माणसाचं दुखणं कुठं आहे हे अशा लोकांना बरोबर कळतं.

पेच तोच होता. हाक बंद केली तर जवळचं थांबणार होतं. पण लांबचं ते बिचारं अजून इमानाने उत्तर देत होतं, आणि त्याला तिथंच, त्या काळोखात, उत्तराविना सोडावं लागणार होतं. दुसऱ्यांदा.

रात्री त्याने मायला सांगितलं, "उद्यापासून हाक बंद."

शकुनबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. पंधरा वर्षांत तिने एकदाही तो विषय काढला नव्हता. आज काढला.

"आनखी एकडाव थांबशीन तू? लाज नाही वाटत?"

"माय, दोघं हायेत पाण्यावर. एक लांब हाये. अन् एक जवळ आला. जवळचा कोन हाये मले मालूम नाही. त्याले नावच नाही."

"नाव नसन," ती म्हणाली. "पण पान्यावर हाये ना?"

ती न जेवता भिंतीकडे तोंड करून निजली.

६

बुधवारी सकाळी धुकं इतकं होतं, की खिडकीतून परातीचा पायाही दिसत नव्हता. मारोतराव दाढी करून, कोट घालून आले. खुर्ची ओढून सुईसमोर बसले.

"द्या."

केवळरामने हात मांडीखाली घातले.

"शेवटचं सांगतो, दिघोरे."

"शेवटचंच सांगा. म्या नाही देत."

मारोतरावांनी त्याला खांद्याने बाजूला सारलं आणि स्वतः बटण दाबलं. बोट अजून बटणावरच होतं, तेव्हा सुई उडाली. टक टक. टोक कागद फाडून खालच्या पत्र्याला लागलं. चंद्राला हाक दिली तरी परत यायला अडीच सेकंद लागतात. हे चंद्राच्या अलीकडे होतं.

"वा," मारोतराव म्हणाले. कपाळावर घाम आला होता, पण हसत होते. त्यांनी पुन्हा बोट पुढे नेलं. बोट आणि बटण यांच्यात चांगलं वीतभर अंतर होतं.

टक टक.

बोट हवेतच राहिलं. खोलीत ट्रान्समीटरची घरघर तेवढी चालू होती. मारोतरावांनी केवळरामकडे पाहिलं. आणि या माणसाने काय करावं? भीतीने का होईना, थांबावं की नाही? छे. त्याने बटण दाबलंच.

केवळरामने भिंतीजवळचा मोठा पाना उचलला आणि ट्रान्समीटरची जाळी फोडून आतल्या नळीवर घातला. एकदा, दोनदा, काच संपेपर्यंत. मारोतराव ओरडत होते, नोकरी खाईन, जेलात टाकीन, वेडा झाला, वेडा झाला! पाना तसाच हातात घेऊन केवळराम वळला, तेव्हा ते पाठमोरे पळत होते. जीप चालू होत नाही हे विसरून ते तिच्यात जाऊन बसले. मग पायीच गावाकडे गेल्याचा आवाज आला.

ट्रान्समीटर गेला तरी ऐकायचं यंत्र शाबूत होतं. केवळराम काचांमध्ये बसून राहिला. सुई स्थिर होती. वीस मिनिटं, तीस मिनिटं. जवळचं काही बोललं नाही. अडतिसाव्या मिनिटाला, मारोतरावांच्या पहिल्या हाकेला, लांबून दोन ठोके आले, इतके बारीक की रेघ जेमतेम उमटली. टेलिप्रिंटरने यानाचा क्रमांक छापला. ऐकलं.

"अबे, काहून जवाब देऊन राहिला तू?" केवळराम त्या कागदावर ओरडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पाण्याचाही त्याला राग येत होता. "कोणी नाही इथं! संपलं सारं! कोणी नाही!"

तो ओरडायचा थांबला, तेव्हा खिडकीतून दुसरा आवाज आला. खालून, तलावाकडून. बाईमाणसाचा, म्हातारा, लांबवलेला.

"होऽऽ ये बापाऽऽ होऽऽ"

मग लाकडावर लाकूड आपटल्याचा. ठक ठक.

त्याने हाक सोडली होती. रिवाजाप्रमाणे त्याच्या मायने ती उचलली होती.

७

टेकडीची पायवाट तो कसा उतरला हे त्याला कळलं नाही. दोनदा पडला, गुडघा फुटला. धुक्यात पुढची झाडंही अंगावर आल्यावर दिसत होती. हाक चालूच होती, आणि प्रत्येक हाकेनंतर ते दोन ठोके जास्त जवळून येत होते. पाण्यावरून येतात तसेच, ओले.

"माय! चूप बस!" तो धावता धावता किंचाळला. "हाक नको देऊ!"

आणि तेच शब्द आपल्या तोंडून बाहेर पडले, त्या मुनिमाचे, हे लक्षात येऊन त्याचं मस्तक भणाणून गेलं. शकुनबाईनेही ते ऐकले असतील. म्हणूनच तिने आणखी जोर लावून हाक दिली.

"होऽऽ ये बापाऽऽ, लागला, लागला!"

पाळीवर तो पोचला, तेव्हा ती घोटाभर पाण्यात उभी दिसली. नुसती पाठ, डोक्यावरचा पदर, आणि पुढे केलेला उजवा हात. काठाला लागणाऱ्याला ओढून घ्यायला करतात तसा. हात मनगटापर्यंत दिसत होता. पुढे पांढरं धुकं होतं. ठोके थांबले होते.

मग तिचा हात ताठ झाला. ती एक पाऊल पुढे गेली.

केवळरामने पाण्यात उडी घेऊन तिची कंबर मागून मिठीत धरली आणि टाचा चिखलात रोवल्या. त्याची माय चिमणीएवढ्या वजनाची बाई, पण तिला मागे आणता येईना. पलीकडून धसमुसळेपणा नव्हता. शांत, सावकाश ओढ होती, काहीच घाई नसलेल्याची. केवळराम शिव्या देत होता. मुनिमाला, मारोतरावाला, दिल्लीला, स्वतःला, जे तोंडाला येईल त्याला. त्याने ठरवून टाकलं होतं की आज हात तुटले तरी सोडायचं नाही.

तेवढ्यात ऊन वर आलं आणि धुकं विरळ व्हायला लागलं. आधी पायाजवळचं पाणी दिसलं. मग जरा लांबचं. पाण्यावर डोंगा नव्हता. मायच्या मनगटापुढे काहीतरी उजळत चाललं होतं, आणि ते नीट दिसायच्या आत केवळरामने तोंड तिच्या पाठीत खुपसलं.

"माय, सोड त्याले!" तो ओरडला. "तुह्या पाया पडतो, सोड हात!"

शकुनबाईचा आवाज फार हळू आला. त्यात राग उरला नव्हता.

"म्या कुठं धरला रे, केवळ्या. त्यानं धरला हाये."